वाचकांचे प्रश्न : वचक बसतो तो कोठे?

सर्वसंहारक अस्त्रे आणि त्यांच्यापासूनचा बचाव या विषयावर मागील अंकात लेख आल्यानंतर वाचकांची पत्रे अपेक्षेपेक्षा जास्त आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून, आणि दोन-तीन पत्रांतील तिखट मजकूर बाजूला ठेवून, निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. प्रश्नच तसे होते.

प्रश्न : ‘डिटरन्स’ या शब्दासाठी मराठीत कोणी ‘प्रतिरोधन’ लिहितो, कोणी ‘निवारण’, तर कोणी ‘धाक’. नेमका अर्थ काय घ्यावा? आणि जे अस्त्र कधी वापरायचेच नाही, त्याच्यावर इतका खर्च कशासाठी?

उत्तर : परिभाषेतील जड शब्द बाजूला ठेवले, तर ‘वचक’ हा आपला रोजचा शब्द या कल्पनेच्या सर्वांत जवळ जातो असे मला वाटते. धाक आपण दाखवतो. वचक मात्र समोरच्याच्या मनात बसावा लागतो. हा केवळ शब्दांचा खेळ नाही, विषयाचे मर्मच त्यात आहे. एखाद्या देशाकडे शंभर अण्वस्त्रे आहेत, पण ती वापरण्याची वेळ आली तर तो देश कच खाईल अशी प्रतिस्पर्ध्याची खात्री असेल, तर त्या शंभर अस्त्रांचा वचक शून्य. उलट जे अस्त्र प्रत्यक्षात नाहीच, ते आहे असे शत्रूला वाटत असेल तर तेही वचक बसवते; याचे एक खरेखुरे उदाहरण पुढे येणार आहे.

वचक दोन प्रकारे बसवता येतो. एक शिक्षेचा वचक : तू वार केलास तर तुझे इतके नुकसान करू की मिळवलेले सारे मातीमोल ठरेल. दुसरा निष्फळतेचा वचक : तू खुशाल वार कर, पण तुझ्या हाती काही लागणार नाही, कारण आमचे सैनिक मुखवटे चढवून तयार आहेत, आमची विमाने विखुरलेली आहेत, आमच्याकडे लस आणि औषध आहे. अमेरिकी अभ्यासक ग्लेन स्नायडर यांनी 1960 च्या सुमारास ही विभागणी नेमकेपणाने मांडली. अण्वस्त्रांच्या बाबतीत पहिला प्रकार वरचढ ठरला आणि रासायनिक व जैविक अस्त्रांच्या बाबतीत दुसरा, असे स्थूलमानाने म्हणता येईल. म्हणूनच या तिन्हींना एकाच नावाखाली बांधण्याची पद्धत मला सोयीची वाटली तरी बरोबर वाटत नाही.

वचकाची एक अट सहसा विसरली जाते. ‘वार केलास तर मारू’ या वाक्याचा दुसरा अर्धा भाग ‘वार केला नाहीस तर मारणार नाही’ असा असतो, आणि त्यावरही शत्रूचा तितकाच विश्वास बसावा लागतो. शिक्षा कोणत्याही परिस्थितीत होणारच असेल, तर त्याने हात आवरण्याचे कारणच उरत नाही. खर्चाबद्दल एवढेच सांगतो की वचक यशस्वी झाला म्हणजे काहीच घडत नाही, आणि काहीच घडले नाही यावरून पैसा सार्थकी लागला की पाण्यात गेला हे कोणत्याही हिशेबवहीतून कळत नाही. या अनिश्चिततेचा फायदा शस्त्रांचे समर्थक आणि विरोधक दोघेही सारख्याच उत्साहाने घेतात.

प्रश्न : एखाद्याने अचानक हल्ला करून शत्रूची सगळी अण्वस्त्रे जमिनीवरच नष्ट केली, तर प्रत्युत्तर देणार कोण?

उत्तर : हीच शंका 1950 च्या दशकात अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांचीही झोप उडवत होती. अण्वस्त्रे वाहून नेणारी विमाने ठरावीक तळांवर उभी असत आणि ते तळ नकाशावर सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे आपल्याकडे अस्त्रे किती आहेत हा प्रश्न मागे पडला आणि पहिला वार सोसून त्यांपैकी किती शिल्लक राहतील हा प्रश्न पुढे आला. जे शिल्लक राहील तेवढ्याचाच वचक. त्यासाठी काही क्षेपणास्त्रे काँक्रीटच्या खोल विवरांत गेली आणि काही समुद्राखाली. नोव्हेंबर 1960 मध्ये अमेरिकेची ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ ही अणुऊर्जेवर चालणारी पाणबुडी 16 पोलारिस क्षेपणास्त्रे घेऊन पहिल्या गस्तीवर निघाली, आणि सगळी अस्त्रे एका झटक्यात टिपण्याचा विचार तेव्हापासून बराच अवघड झाला.

या व्यवस्थेचे सर्वांत विलक्षण रूप ब्रिटनमध्ये दिसते. ब्रिटनची अण्वस्त्रे आज फक्त पाणबुड्यांवर आहेत. अशा पाणबुड्या चार आहेत आणि त्यांपैकी एक तरी सतत समुद्रात असावी असा 1969 पासूनचा शिरस्ता आहे. नवा पंतप्रधान सूत्रे हाती घेतो तेव्हा त्याला या चार पाणबुड्यांच्या कप्तानांसाठी चार पत्रे स्वतःच्या हाताने लिहावी लागतात. हल्ल्यात सरकार नष्ट झाले आणि आदेश देणारे कोणीच उरले नाही तर काय करायचे, हे त्या पत्रात असते. पत्र पाणबुडीतील तिजोरीत राहते आणि पंतप्रधान बदलला की न उघडता नष्ट केले जाते. त्यात ‘प्रतिहल्ला करा’ असे लिहिलेले असते की ‘करू नका’, हे लिहिणाऱ्याखेरीज कोणालाच माहीत नसते. वचक शत्रूच्या मनातील शंकेवर कसा उभा असतो, हे समजण्यासाठी ते न वाचलेले पत्र डोळ्यांसमोर आणावे.

प्रश्न : क्षेपणास्त्रे आकाशातच पाडणारी ढाल तयार झाली तर सगळेच सुरक्षित होतील. मग 1972 मध्ये दोन महासत्तांनी करार करून स्वतःच्याच ढालीवर मर्यादा का घालून घेतली? हा उलटा कारभार समजत नाही.

उत्तर : उलटा वाटतो खरा, पण वरच्या उत्तराशी जोडून पाहावा. समजा, ‘क’ देशाची ढाल अपुरी आहे. शत्रूचा संपूर्ण, व्यवस्थित आखलेला हल्ला ती थोपवू शकत नाही. पण ‘क’ ने आधी स्वतः हल्ला करून शत्रूची बहुतेक अस्त्रे नष्ट केली, तर उरलेल्या मूठभर अस्त्रांचा विस्कळीत प्रतिहल्ला तीच अपुरी ढाल कदाचित अडवू शकेल. म्हणजे शत्रूच्या दृष्टीने ती ढाल म्हणजे तलवारीचाच दुसरा हात. मग तो अस्त्रे वाढवतो, किंवा संकटाच्या वेळी ‘आपली अस्त्रे नष्ट होण्याआधी ती सोडून मोकळे व्हावे’ असे त्याला वाटू लागते. हे टाळण्यासाठी 1972 च्या करारात प्रत्येकाला दोन ठिकाणी शंभर-शंभर प्रतिक्षेपणास्त्रे ठेवण्याची मुभा होती. 1974 मध्ये ती एका ठिकाणावर आली. सोव्हिएत संघाने मॉस्को निवडले. अमेरिकेने नॉर्थ डाकोटातील क्षेपणास्त्रांच्या तळाभोवती यंत्रणा उभारली आणि अल्पावधीतच ती बंदही केली. अमेरिका 2002 मध्ये या करारातून बाहेर पडली.

दुसरी बाजू तांत्रिक आहे. आंतरखंडीय क्षेपणास्त्राला लक्ष्यापर्यंत पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो. त्यातील पहिली काही मिनिटे त्याचे इंजिन पेटलेले असते. तेव्हा ते ओळखणे सोपे, पण ते शत्रूच्या भूमीवर असते आणि वेळ अगदी थोडा असतो. मधला लांब टप्पा अवकाशातला. तेथे हवा नसल्यामुळे वजनदार वॉरहेड (क्षेपणास्त्राच्या टोकावरील स्फोटक भाग) आणि हलका, धातूचा लेप दिलेला फुगा एकाच वेगाने एकाच मार्गाने जातात, आणि हुलकावणी देणारे असे फुगे सोडणे हल्लेखोराला फार महाग पडत नाही. शेवटच्या टप्प्यात हवेमुळे फुगे मागे पडतात, पण तोवर हाती सेकंद उरलेले असतात. अलास्का व कॅलिफोर्नियात मिळून अमेरिकेने 44 प्रतिक्षेपणास्त्रांची जी यंत्रणा उभारली, ती मोजक्या क्षेपणास्त्रांसाठी आहे. शेकडो वॉरहेड एकाच वेळी आली तर तिचा निभाव लागणार नाही.

या यंत्रणा किती बारीक धाग्यावर चालतात याचे एक उदाहरण देतो. 1991 च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे क्षेपणास्त्रे पाडणारी अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा तैनात होती. तिचा संगणक वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत असे. एक दशांश हा आकडा आपल्या दशमान पद्धतीत सुटसुटीत आहे, पण संगणकाच्या द्विमान पद्धतीत तो कधी संपतच नाही. 24 बिटांच्या, म्हणजे 24 द्विमान अंकांच्या, जागेत बसवण्यासाठी त्याची शेपटी कापावी लागे. प्रत्येक वेळी होणारी चूक नगण्य, पण यंत्रणा सलग सुमारे शंभर तास चालू राहिली आणि ती चूक साचत साचत सेकंदाच्या तिसऱ्या भागापर्यंत पोहोचली. सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या इराकच्या स्कड क्षेपणास्त्राच्या बाबतीत याचा अर्थ अर्ध्या किलोमीटरहून मोठा फरक. 25 फेब्रुवारीला यंत्रणा आकाशाच्या चुकीच्या तुकड्याकडे पाहत राहिली, प्रतिक्षेपणास्त्र सुटलेच नाही, आणि बराकीवर पडलेल्या स्कडने 28 अमेरिकी सैनिकांचा बळी घेतला. सुधारित संगणक प्रणाली दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचली. मधल्या काळात यंत्रणा अधूनमधून बंद करून पुन्हा सुरू केली असती, तरी चूक साचली नसती.

त्या स्कडवर साधी स्फोटके होती. साध्या स्फोटकांच्या दहा क्षेपणास्त्रांपैकी नऊ पाडली तर ढाल उत्तम म्हणावी. तीच दहा अण्वस्त्रे असतील तर निसटलेले एक शहर संपवायला पुरेसे आहे. ढालीच्या यशाचे आकडे वाचताना एवढे भान ठेवावे.

प्रश्न : 1945 नंतर महायुद्ध झाले नाही, याचे श्रेय अण्वस्त्रांच्या वचकालाच द्यावे लागेल ना?

उत्तर : काही अंशी द्यावे, पण हात आखडता घेऊन. अण्वस्त्रे बाळगल्यामुळे आपल्यावर कोणी चालून येत नाही, हे तर इतिहासाला धरून नाहीच. इजिप्त आणि सीरिया यांनी 1973 मध्ये इस्रायलवर हल्ला केला तेव्हा इस्रायलजवळ अण्वस्त्रे असावीत असा सार्वत्रिक समज होता. 1982 मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेताना ब्रिटनच्या अण्वस्त्रांची पर्वा केली नाही, आणि ती केली नाही यात त्याचे गणित चुकले असेही म्हणता येत नाही. दूरच्या बेटांसाठी कोणी अणुबाँब टाकणार नाही हे उघड होते. 1999 मध्ये भारत आणि पाकिस्तान दोघेही अण्वस्त्रधारी असताना कारगिलचे युद्ध झाले. वरची पायरी भक्कम आहे म्हणून खालच्या पायरीवर हाणामारी करण्याची हिंमत वाढते, असाही याचा अर्थ लावला जातो.

वचक जेव्हा खरोखर पणाला लागला, तेव्हा तो टिकला तो धोरणामुळे की योगायोगामुळे, हे वेगळे काढणे कठीण आहे. 27 ऑक्टोबर 1962 रोजी क्यूबाजवळ ‘बी-59’ ही सोव्हिएत पाणबुडी अमेरिकी नौदलाने घेरली होती. पाण्याखाली हवा कोंदलेली, उकाडा असह्य, मॉस्कोशी संपर्क तुटलेला, आणि वर पडणारे इशाऱ्याचे स्फोट हे इशाऱ्याचे आहेत की युद्धाचे हे कळायला मार्ग नाही. पाणबुडीवर अण्वस्त्र असलेला एक पाणतीर होता, हे वरच्या अमेरिकी जहाजांना माहीत नव्हते. तो सोडण्याच्या विचाराला वासिली अर्खिपोव या अधिकाऱ्याने विरोध केला आणि पाणबुडी पृष्ठभागावर आली.

26 सप्टेंबर 1983 च्या रात्री मॉस्कोजवळच्या इशारा केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव कामावर होते. अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र निघाल्याचे उपग्रहाने कळवले, मग आणखी चार. जमिनीवरील रडारवर काहीच दिसत नव्हते, आणि युद्ध सुरू करणारा पाचच क्षेपणास्त्रे कशी सोडेल, असा साधा विचार करून त्यांनी तो इशारा खोटा असल्याचे वर कळवले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. अमेरिकेच्या बाजूलाही असे झाले आहे : नोव्हेंबर 1979 मध्ये सरावासाठी बनवलेल्या हल्ल्याची माहिती इशारा यंत्रणेत शिरली आणि काही मिनिटे ती खरी समजली गेली. अर्खिपोव आणि पेत्रोव या दोन माणसांच्या जागी दुसरे कोणी असते तर, हा प्रश्न वचकाच्या कोणत्याही सिद्धांताला सोडवता आलेला नाही. म्हणून हात आखडता घ्या म्हणालो.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडे विषारी वायू होते, तरी रणांगणावर ते वापरले गेले नाहीत. मग इतर ठिकाणी ते का वापरले गेले?

उत्तर : मज्जासंस्थेवर आघात करणारे टाबुन हे रसायन जर्मनीत 1936 मध्ये, कीटकनाशकांवरील संशोधन चालू असताना सापडले, सारिन त्यानंतर दोन वर्षांनी. युद्धकाळात जर्मनीने हजारो टन टाबुन बनवले. मित्रराष्ट्रांकडे या तोडीचे काहीच नव्हते, पण त्यांनाही हे रहस्य ठाऊक असावे असा जर्मन तज्ज्ञांचा समज होता. ज्या अस्त्राचा वचक बसला ते अस्त्र प्रत्यक्षात नव्हतेच, असे वर म्हटले ते हे उदाहरण. अर्थात हे एकच कारण नव्हते. मित्रराष्ट्रांचे मस्टर्ड वायूचे साठे आणि बाँबफेकी विमाने खरी होती, आणि घोड्यांवर बरीचशी मदार असलेल्या जर्मन सैन्याला विषारी वायूंचे युद्ध परवडणारे नव्हते.

वचकासाठी ठेवलेला साठा स्वतःच्याच माणसांवर कसा उलटतो, हे 2 डिसेंबर 1943 रोजी इटलीतील बारी बंदरात दिसले. जर्मनीने वायू वापरलाच तर प्रत्युत्तर देता यावे म्हणून ‘जॉन हार्वी’ या अमेरिकी जहाजातून मस्टर्डचे बाँब गुप्तपणे आणले होते. जर्मन विमानांनी बंदरावर हल्ला केला, जहाज बुडाले, आणि मस्टर्ड पाण्यावरच्या तेलात मिसळले. ज्यांना मालाची माहिती होती ते जहाजाबरोबरच गेले. तेलाने माखलेले खलाशी रुग्णालयात आले, डॉक्टरांनी त्यांना थंडी वाजू नये म्हणून ओल्या कपड्यांनिशी ब्लँकेटमध्ये गुंडाळले, आणि काही तासांत त्यांचे डोळे सुजले, कातडीवर फोड आले. नुसते कपडे उतरवून अंग धुतले असते तरी कित्येक जण वाचले असते. रुग्णालयात दाखल झालेल्या सहाशेहून अधिक रुग्णांपैकी ऐंशीहून अधिक दगावले. शहरातील नागरिकांची तर नीट मोजदादही झाली नाही.

आता आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध. 1925 च्या जिनिव्हा करारनाम्याने वापर निषिद्ध ठरल्यानंतर वायू कोणावर सोडले गेले ते पाहा : 1935-36 मध्ये इटलीने इथिओपियावर, जपानने चीनवर, इराकने इराणी सैनिकांवर आणि 16 मार्च 1988 रोजी हलबजा या कुर्द शहरावर, जेथे सुमारे 5,000 माणसे मेली. ज्याच्याकडे उलट मारण्यासाठी काही नाही आणि बचावासाठीही काही नाही, त्याच्यावर. रासायनिक अस्त्र वचकाला घाबरून तेथून दूर जाते आणि जेथे वचक नाही ते घर शोधते. यावर उपाय म्हणून ‘सर्वांना वायू द्या’ असे कोणी म्हणणार नाही. जगाने ते अस्त्रच मोडीत काढण्याचा मार्ग धरला. रासायनिक अस्त्रबंदी करार एप्रिल 1997 मध्ये लागू झाला, साठे तपासनिसांच्या देखरेखीखाली नष्ट होऊ लागले, आणि अमेरिकेने जुलै 2023 मध्ये आपला शेवटचा साठा संपवल्यावर सदस्य देशांनी जाहीर केलेले सर्व साठे संपले. ‘जाहीर केलेले’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. 2013 मध्ये करारात आलेल्या सीरियाच्या यादीत सगळे काही नव्हते, हे पुढील वर्षांत पुरेसे स्पष्ट झाले.

प्रश्न : चित्रांत दिसणारे मुखवटे व पोशाख खरोखर उपयोगी असतात, की सैनिकांना धीर देण्यापुरते?

उत्तर : उपयोगी असतात, आणि निष्फळतेचा वचक तोच. मुखवट्याच्या डबीत सक्रिय कोळसा असतो. त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत विषारी वाफ अडकते, आणि सोबतची गाळणी बारीक कण अडवते. पोशाखाच्या अस्तरातही कोळसा असतो. सैनिकाच्या खिशात रंग बदलणारा कागद असतो : थेंब पडून तो पिवळा झाला तर सारिनच्या जातीचे रसायन, गर्द हिरवा झाला तर मज्जासंस्थेवरच आघात करणारे व्हीएक्ससारखे रसायन, लाल झाला तर फोड आणणारे मस्टर्ड. सारिनसारख्या विषावर उतारा म्हणून मांडीवर कपड्यांवरूनच दाबायची अ‍ॅट्रोपिनची आपोआप टोचणारी सुई असते. अशी तयारी असलेल्या सैन्यावर वायू सोडून माणसे फारशी मरत नाहीत, त्यामुळे सोडणाऱ्याला त्यात रस उरत नाही.

किंमत मात्र मोजावी लागते. त्या पोशाखात घाम बाहेर पडत नाही, जाड हातमोज्यांनी बारीक कामे होत नाहीत, बोललेले नीट ऐकू येत नाही, आणि उन्हात अर्ध्या-एक तासाच्या जोरकस कामातच माणूस उष्माघाताच्या उंबरठ्यावर येतो. म्हणजे वायू न सोडता, तो सोडण्याच्या नुसत्या भीतीनेही शत्रू तुमचे सैन्य निम्म्या वेगाने चालवू शकतो. नागरिकांना मुखवटे वाटण्याचेही असेच आहे. 1991 मध्ये इस्रायलमध्ये ते घरोघर वाटले होते. वायू एकदाही आला नाही, पण डबीचे झाकण न काढता मुखवटा चढवल्यामुळे काही माणसे गुदमरून मेली, आणि घाबरून अ‍ॅट्रोपिन टोचून घेतलेल्यांनी रुग्णालये गाठली. साधन वाटणे सोपे, सराव वाटणे कठीण.

प्रश्न : जैविक अस्त्रांना वचकाने आवरणे सर्वांत अवघड, असे लेखात म्हटले होते. ते का?

उत्तर : कारण शिक्षा द्यायची तर गुन्हेगार माहीत हवा. क्षेपणास्त्र कोठून सुटले हे उपग्रह सांगतो. रोगजंतूवर पत्ता नसतो. लक्षणे दिसेपर्यंत दिवस जातात आणि तोवर हा हल्ला आहे की नेहमीची साथ, हेही ठरलेले नसते. एप्रिल 1979 मध्ये सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क शहरात अँथ्रॅक्सने किमान 66 माणसे दगावली. दूषित मांसामुळे हे झाले असे सरकार सांगत राहिले. मृत माणसे त्या दिवशी कोठे होती हे पुढे नकाशावर मांडले, तेव्हा ती बहुतेक एका अरुंद पट्ट्यात आली; पट्ट्याचे टोक लष्करी प्रयोगशाळेवर आणि दिशा त्या दिवशीच्या वाऱ्याची. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी 1992 मध्ये लष्करी कारण मान्य केले. तेरा वर्षे! आणि सोव्हिएत संघ तेव्हा जैविक अस्त्रबंदी कराराचा सदस्य होता. 1975 मध्ये लागू झालेल्या त्या करारात तपासणीची तरतूदच नाही; रासायनिक करारात आहे, त्यात नाही. अमेरिकेत 2001 मध्ये टपालाने पाठवलेल्या अँथ्रॅक्सने पाच बळी घेतले, तो तपास 2010 मध्ये मिटवला गेला, आणि तोही आरोपीवर खटला न चालताच, कारण त्याआधी त्याने आत्महत्या केली होती.

तेव्हा येथे शिक्षेच्या वचकावर विसंबता येत नाही. साथ लवकर ओळखणारी रोगनिदान यंत्रणा, लशींचे साठे आणि सार्वजनिक आरोग्यसेवा हाच येथील बचाव. समाधानाची गोष्ट एवढीच की तो खर्च हल्ला झाला नाही तरी कामी येतो. असे पाणबुडीबद्दल म्हणता येत नाही.

प्रश्न : ज्यांना मरणाची भीती नाही अशा दहशतवाद्यांवर वचक कसा बसणार?

उत्तर : शिक्षेचा बसत नाही, निष्फळतेचा काही प्रमाणात बसतो. जपानमधील ओम शिन्रिक्यो या पंथाकडे पैसा होता, शिकलेले रसायनतज्ज्ञ होते. तरी 1993 मध्ये त्यांनी फवारलेले अँथ्रॅक्स फुकट गेले, कारण त्यांच्या हाती आलेली जात निरुपद्रवी होती. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत त्यांनी सारिनच्या प्लास्टिक पिशव्यांना छत्रीच्या अणकुचीदार टोकांनी भोके पाडली. सारिन अशुद्ध होते, म्हणून मृतांची संख्या बारा-चौदावर राहिली. हजारो लोक बाधित झाले. रुग्णांचे कपडे न उतरवता त्यांना आत घेतल्यामुळे डॉक्टर आणि परिचारिकांनाही त्रास झाला. बारीनंतर अर्ध्या शतकाने तीच चूक!

मूळ उपाय सामग्री हाती पडू न देण्याचा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेचा 2004 चा 1540 क्रमांकाचा ठराव प्रत्येक देशावर हेच बंधन घालतो. किरणोत्सारी पदार्थांबाबत तर दुष्ट हेतूही लागत नाही. ब्राझीलमधील गोयानिया येथे 1987 मध्ये ओस पडलेल्या दवाखान्यातील उपचारयंत्र भंगार म्हणून फोडले गेले. आतील सीझियमची पूड अंधारात निळी चमकत होती, म्हणून लोकांनी ती घरी नेली, अंगाला लावली. चार माणसे मेली, आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली.

प्रश्न : ‘आम्ही प्रथम वापरणार नाही’ या घोषणेला काही अर्थ असतो का?

उत्तर : नुसत्या घोषणेला थोडा. चीनने 1964 मध्ये पहिल्या चाचणीच्याच दिवशी ती केली. भारताने 2003 मध्ये जाहीर केलेल्या धोरणात ती आहे, मात्र मोठा रासायनिक वा जैविक हल्ला झाल्यास अण्वस्त्राने प्रत्युत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवला आहे. सोव्हिएत संघाने 1982 मध्ये दिलेले वचन रशियाने 1993 मध्ये मागे घेतले. शब्दांपेक्षा मांडणी पाहावी : वॉरहेड क्षेपणास्त्रापासून वेगळे ठेवले जाते की जोडून, आदेशानंतर ते काही मिनिटांत सुटते की त्याला अधिक वेळ लागतो. शत्रूचे हेरखातेही घोषणा नव्हे, हेच पाहते.

प्रश्न : एवढे सगळे निष्फळ ठरून अणुस्फोट झालाच, तर सामान्य माणसाच्या हातात काही आहे का? आयोडीनच्या गोळ्या घरात ठेवाव्यात का?

उत्तर : स्फोटाच्या अगदी जवळ असणाऱ्याच्या हातात काही नाही. काही किलोमीटर दूर असणाऱ्याच्या हातात मात्र पुष्कळ आहे. लखलखाट दिसला तर खिडकीकडे धावू नये. धक्क्याची लाट प्रकाशाच्या मागून येते आणि काचा तीच फोडते. त्यानंतर धोका किरणोत्सारी धुळीचा. तिचा जोर वेळ सातपट झाला की दहापट घटतो : पहिल्या तासाला जो होता त्याचा सात तासांनी दहावा भाग, दोन दिवसांनी शंभरावा, दोन आठवड्यांनी हजारावा. म्हणून पक्क्या इमारतीच्या मधोमध किंवा तळघरात पहिला दिवस काढणे हे गाडी काढून पळण्यापेक्षा बहुधा शहाणपणाचे असते. बाहेरून आल्यास वरचे कपडे काढून दाराबाहेर ठेवावेत आणि अंग धुवावे. आयोडीनची गोळी केवळ कंठातील थायरॉइड ग्रंथीला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते, इतर कशापासूनही नाही. ती अधिकृत सूचना मिळाल्यावरच घ्यावी, आणि ज्यांना थायरॉइडचा विकार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.